एका ओळीत कोंबलेला चित्रकार : जॉन सिंगर सार्जंटची पत्रे आणि ती वाचण्याची रीत

१/
इ. स. १९०७. लंडनमधील सर्वाधिक मागणी असलेला व्यक्तिचित्रकार जॉन सिंगर सार्जंट याने राल्फ कर्टिस या जुन्या मित्राला पत्र लिहिले. आता पोर्ट्रेट बंद. त्यांचा वीट आला आहे. विशेषतः वरच्या वर्गातील माणसांची तर पुन्हा कधी करावी लागू नयेत, असा त्यातील आशय. ‘पोर्ट्रेट’ हा शब्दही त्याने मुद्दाम वेडावाकडा लिहिला. या एका मजकुरावर पुढे एक गोष्ट रचली गेली: श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कैद झालेला प्रतिभावंत अखेर बेड्या तोडून मोकळा होतो. गोष्ट आकर्षक आहे, सांगायला सोपी आहे. आणि पुराव्याच्या कसोटीवर टिकणारी नाही. #थ्रेड

२/
प्रथम माणसाची ओळख. सार्जंटचा जन्म १८५६ साली फ्लॉरेन्समध्ये झाला. आईवडील अमेरिकन, वडील डॉक्टर. बालपण युरोपभर फिरण्यात गेले. १८७४ पासून पॅरिसमध्ये कारोल्युस-द्युराँ या चित्रकाराकडे शिक्षण. १८८६ च्या सुमारास लंडनला कायमचे बस्तान. टाइट स्ट्रीटवर स्टुडिओ. १८९७ मध्ये रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व. सरदार, बँकर, नट्या, सेनापती, लेखक आणि अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष त्याच्यासमोर बसले. १९०२ मध्ये शिल्पकार रोदँ याने त्याला आपल्या काळातील व्हॅन डाइक म्हटले. १९२५ साली त्याचे निधन झाले. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही, कलेवर सिद्धांतग्रंथ लिहिला नाही. मागे राहिली ती चित्रे आणि पत्रे.

३/
ही पत्रे वाचणाऱ्याची बहुधा निराशा होते. भोजनाच्या आमंत्रणाचा स्वीकार, भोजनाच्या आमंत्रणाला नकार, बैठकीची वेळ बदलण्याची विनंती, प्रवासाची कल्पना, कुणाची कुणाशी ओळख करून देणे, आभार. कलेविषयी मोठे विचार क्वचितच. यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला: माणूस वरवरचा होता, आणि म्हणून चित्रेही वरवरची. दुसरा: खरा सार्जंट मोजक्या चिडलेल्या ओळींत दडला आहे, बाकी कागद टाकाऊ. हे दोन्ही निष्कर्ष एकाच चुकीतून निघतात. पत्र म्हणजे कबुलीजबाब, असे गृहीत धरण्याची ती चूक होय.

४/
पहिल्या निष्कर्षाला मोठा वकील लाभला. सार्जंटच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये स्मृतिप्रदर्शन भरले, तेव्हा समीक्षक रॉजर फ्राय याने १९२६ मध्ये त्याच्यावर लिहिले. कौशल्य अद्भुत खरे. पण या कौशल्याला कधी काळी कला समजले गेले हेच मोठे आश्चर्य, असा त्याचा निवाडा होता. फ्राय हा सेझानचा पुरस्कर्ता. त्याला नव्या कलेसाठी जागा मोकळी करायची होती. जागा मोकळी करताना समोरचे घर पाडावेच लागते अशी त्याची समजूत असावी. पुढची कित्येक दशके सार्जंट म्हणजे धनिकांचा खुशमस्कऱ्या, हे वाक्य तपासल्याविना चालत राहिले.

५/
दुसऱ्या निष्कर्षाचे साहित्य १९२७ मध्ये आयते हाती आले. इव्हान चार्टरिस या मित्राने सार्जंटचे चरित्र लिहिले आणि त्यात बरीच पत्रे छापली. चरित्रकाराने आपले काम प्रामाणिकपणे केले. नंतरच्या वाचकांनी मात्र त्यातून चटकदार ओळी तेवढ्या वेचल्या. कुणाला लिहिले, का लिहिले, लिहिल्यावर पुढे काय केले, हे तीन प्रश्न वाटेत गळून पडले. आज एखाद्या चित्राखाली एक ओळ टाकून हजारो लोकांपर्यंत ती पोहोचवणे सोपे झाले आहे. त्यामुळे तीन प्रश्न गळण्याचा वेगही वाढला आहे. ते प्रश्न परत विचारले की काय दिसते, ते क्रमाने पाहू.

६/
१८८३ च्या सुमाराचे एक पत्र. बेन देल कास्तियो हा बालमित्र. सार्जंटला व्हिर्जिनी गोत्रो या पॅरिसमधील गाजलेल्या सुंदर स्त्रीचे चित्र काढायचे होते. तिच्या सौंदर्याला अशी मानवंदना कुणी देऊ करावी याची ती वाटच पाहते आहे, असे आपल्याला वाटते, म्हणून आपण विलक्षण गुणी माणूस आहोत हे तिच्या कानावर घालावे, अशी गळ त्याने मित्राला घातली. येथे कुणी धनिक चित्रकाराला कामाला लावत नाही. चित्रकारच ज्याचे चित्र काढायचे ती व्यक्ती निवडतो, मध्यस्थ गाठतो, शब्द टाकायला सांगतो. हे काम कुणीही सांगितलेले नव्हते आणि त्याचे कुणी पैसेही देणार नव्हते.

७/
त्याच काळात व्हर्नन ली या नावाने लिहिणाऱ्या व्हायोलेट पॅजेटला त्याने पत्र पाठवले. तीही बालमैत्रीण, दोघांची ओळख लहानपणी नीस शहरातली. त्यात तक्रार होती: गोत्रोचे सौंदर्य रंगात धरता येत नाही आणि तिचा आळस हताश करणारा आहे. हे पत्र आणि देल कास्तियोचे पत्र शेजारी ठेवले तर एका पोर्ट्रेटची कुंडली दिसते. आधी आर्जव, मग वैताग. दोन्ही खरी, पण वेगवेगळ्या माणसांसाठी, वेगवेगळ्या हेतूने लिहिलेली. फक्त पहिले वाचणाऱ्याला सार्जंट लाळघोट्या वाटेल. फक्त दुसरे वाचणाऱ्याला उद्धट. कामाच्या दोन टप्प्यांवर एकाच कारागिराने काढलेले हे दोन उद्गार आहेत.

८/
१८८४ च्या पॅरिस सलाँमध्ये ते चित्र लागले आणि गहजब झाला. खांद्यावरून घसरलेला पट्टा, पांढुरकी कांती, मान वळवून उभी असलेली स्त्री. त्या दिवसाची हकिगत जी वारंवार सांगितली जाते, ती मुख्यतः एका पत्रावर आधारलेली आहे: राल्फ कर्टिसने आपल्या आईवडिलांना लिहिलेल्या. होय, तोच कर्टिस, ज्याला १९०७ चे पत्र गेले. गोत्रोची आई रडत स्टुडिओत आली, हेही त्याच्याचकडून कळते. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आहे, पण मित्र आहे आणि रंगवून सांगण्याची हौस असलेला आहे. कित्येक पुस्तकांतील अखंड प्रसंग एका तरुणाच्या घरच्या पत्रावर तोललेला असतो, हे वाचकाने विसरू नये.

९/
सार्जंटने पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला आणि चित्र तीस वर्षांहून अधिक काळ स्वतःजवळ ठेवले. १९१६ च्या आरंभी त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा संचालक एडवर्ड रॉबिन्सन याला ते १,००० पौंडांना देऊ केले. आपण केलेल्या कामांत बहुधा हेच सर्वोत्तम, असेही लिहिले. गोत्रो आदल्याच वर्षी वारली होती. मग आणखी एक विनंती: पूर्वी त्या बाईशी झालेल्या खटक्यामुळे चित्राला तिचे नाव देऊ नये. आज जग ज्याला ‘मादाम एक्स’ म्हणते, ते शीर्षक या विनंतीची परिणती आहे.

१०/
या साध्या व्यावसायिक पत्राचे वजन येथे कळते. दोन-चार ओळींनी एका स्त्रीचे नाव तिच्याच चेहऱ्यावरून उतरवले. १८८४ च्या सलाँमध्येही नाव झाकलेले होते, परंतु पॅरिसमध्ये ती कोण हे सर्वांना ठाऊक होते. तो झाकण्याचा शिष्टाचार होता. १९१६ ची विनंती मात्र कायमची ठरली. संग्रहालयाच्या भिंतीसमोर उभे राहणारे लाखो लोक तिला एका अक्षराने ओळखतात. पत्रव्यवहाराला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे: जे कागद माणसाचे नाव ठेवू किंवा पुसू शकतात, ते क्षुल्लक कसे?

११/
आता १८८४ चेच दुसरे पत्र, जे सार्जंटविरुद्ध हमखास काढले जाते. पॅरिसमध्ये बदनामी झालेली, हातात काम कमी. इंग्लंडमधील शेफील्डच्या व्हिकर्स या पोलादउद्योगातील घराण्याने बोलावले. व्हर्नन लीला त्याने लिहिले की शेफील्ड नावाच्या कळकट जागी तीन कुरूप तरुणींची चित्रे काढायची आहेत. ओळ क्रूर आहे. तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण हे काम सुरू होण्यापूर्वीचे बोलणे आहे. कामानंतरचा पुरावा ‘द मिसेस व्हिकर्स’ हे चित्र आहे, आणि ते आजही शेफील्डमध्येच आहे.

१२/
ते चित्र पाहावे. अंधाऱ्या खोलीत तीन बहिणी; दोघी एकमेकींना बिलगलेल्या, तिसरी खुर्चीत जरा दूर. कुणाची थट्टा नाही, कुणाला खोटे सौंदर्य चिकटवलेले नाही. तिघींचे स्वभाव तीन. ज्याला केवळ पैशासाठी गोड चित्र काढायचे असते तो त्या तिघींना बाहुल्या करून सोडतो. ज्याला तिरस्कारच करायचा असतो तो व्यंगचित्र काढतो. सार्जंटने यांपैकी काहीही केले नाही. मैत्रिणीला लिहिलेली कुचेष्टा आणि कॅनव्हासवरची आदराची नजर, या दोहोंत विसंगती असेल तर इतिहासकाराने ती तशीच मांडावी. कुचेष्टा हाच ‘खरा चेहरा’ आणि चित्र हा मुखवटा, हा निवाडा कुठल्या न्यायाने?

१३/
ॲशर वर्थहायमर हा लंडनमधील प्रतिष्ठित कलाव्यापारी, ज्यू कुटुंबातला. १८९८ ते १९०८ या दहा वर्षांत सार्जंटने त्याची, त्याच्या पत्नीची आणि मुलांची मिळून बारा पोर्ट्रेट केली. या अखंड कामाला वैतागून आपल्याला ‘वर्थहायमरिझम’ नावाचा जुनाट विकार जडला आहे, अशी थट्टा त्याने लेडी लुइसला लिहिलेल्या पत्रात केली. या थट्टेत ज्यूंविषयीचा तुच्छभाव आहे, असे काहींना वाटते. शंका रास्त आहे. त्या काळच्या लंडनमध्ये तसा तुच्छभाव भरपूर होता. पण ज्या बाईला हे पत्र गेले ती स्वतः ज्यू होती, तिचे पोर्ट्रेटही सार्जंटनेच केले होते, आणि वर्थहायमर कुटुंबाच्या जेवणाच्या मेजावर तो नेहमीचा पाहुणा होता. पत्र कुणाच्या हाती पडणार आहे याने विनोदाचा अर्थ बदलतो.

१४/
खरा तुच्छभाव कुठे होता ते पुढे दिसले. वर्थहायमरने बहुतेक चित्रे राष्ट्राला देण्याची व्यवस्था केली होती. ती नॅशनल गॅलरीत लागली तेव्हा १९२३ मध्ये थेट ब्रिटिश संसदेत नापसंती उमटली: ही चित्रे वेगळ्या दालनात हलवावीत. सरदारांची कुळे त्या भिंतींवर लटकत होती, त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. एका ज्यू व्यापाऱ्याची माणसे मात्र डोळ्यांत खुपली. ‘सोसायटी पेंटर’ म्हणजे सत्तेचा भाट, असे ठरवून टाकणाऱ्यांच्या सिद्धांतात हा प्रसंग कुठे बसतो? ज्यांना सत्ताधारी समाज दारात उभे करू इच्छित नव्हता, त्यांना सार्जंटने व्हॅन डाइकच्या परंपरेत पूर्ण उंचीने उभे केले होते.

१५/
‘चित्रकार गिऱ्हाइकापुढे वाकत होता’ हा आरोप आणखी एका प्रसंगात तपासता येतो. १८९८ मध्ये सार्जंटने व्हेनिसमधील पालात्सो बार्बारो या वाड्यात, राल्फ कर्टिसच्या आईवडिलांच्या दिवाणखान्याचे चित्र काढले: ‘ॲन इंटीरियर इन व्हेनिस’. ते त्याने कर्टिसबाईंना भेट म्हणून देऊ केले. बाईंनी ते नाकारले; आपण त्यात फार वयस्क दिसतो आणि मुलाची बसण्याची ढब अशोभनीय आहे, असे त्यांना वाटले. कादंबरीकार हेन्री जेम्सला चित्र अतिशय आवडले होते. त्याने तसे बाईंना कळवलेही. उपयोग झाला नाही. सार्जंटने तेच चित्र सदस्यत्वाची अधिकृत कृती म्हणून रॉयल अकादमीला दिले. ज्या घराने फुकट नाकारले, त्या घराचे वय अकादमीच्या संग्रहात कायमचे नोंदले गेले.

१६/
स्टुडिओत कुणाची सत्ता चाले, याचेही दाखले आहेत. १८९४ च्या उन्हाळ्यात डब्ल्यू. ग्रॅहम रॉबर्ट्‌सन या सडपातळ तरुणाला सार्जंटने लांब, जाड ओव्हरकोट घालून उभे केले. तरुणाने उकाड्याची तक्रार केली. चित्रकार कोटावर अडून बसला, कारण त्याच्या मते चित्र कोटातच होते. कोणते वस्त्र, कोणता प्रकाश, कोणती बाजू, हे बहुधा तोच ठरवी. पत्रांतील भाषा नम्र असे. स्टुडिओतील शब्द अखेरचा असे. नम्र भाषेला लाचारी समजणे ही आजच्या कानांची चूक आहे. ‘आपला नम्र सेवक’ अशी सही करणारा इंग्रज अधिकारी कुणाचा सेवक असे, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

१७/
सामाजिक पत्र आणि व्यावसायिक पत्र यांत भिंत घालणेही व्यर्थ आहे. १८८५ मध्ये सार्जंटने हेन्री जेम्सला एक परिचयपत्र लिहिले. लंडनला तिघे पाहुणे येणार होते: डॉ. सॅम्युएल पोझी, एदमाँ द पोलिन्याक आणि रॉबेर द माँतेस्क्यू. पोझी म्हणजे लाल अंगरख्यातला तो डॉक्टर, ज्याचे भव्य चित्र सार्जंटने १८८१ मध्ये केले होते. पत्रात त्याने त्या अंगरख्याचाच खेळकर उल्लेख केला. जेम्सने तिघांचे आतिथ्य केले. पुढे माँतेस्क्यूच्या व्यक्तिमत्त्वाचा अंश मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतील एका प्रमुख पात्रात उतरला. ही सौजन्याची चिठ्ठी होती की धंद्याची? दोन्ही. ज्याच्याशी आज ओळख, त्याचे किंवा त्याच्या मित्राचे चित्र उद्या. पोर्ट्रेटचा व्यवसाय विश्वासावर चाले आणि विश्वास चिठ्ठ्यांवर वाढे.

१८/
आता मूळ पुराव्याकडे, १९०७ च्या पत्राकडे. ‘बेड्या तोडल्या’ ही गोष्ट खरी असती तर त्यानंतर पोर्ट्रेट थांबायला हवी होती. प्रत्यक्षात काय घडले? १९१३ मध्ये हेन्री जेम्सचे पोर्ट्रेट, सत्तरीनिमित्त मित्रांनी वर्गणी काढून करवलेले. सार्जंटने त्याचे मानधन घेतले नाही. १९१४ मध्ये लॉर्ड कर्झन, ज्याच्यावर ‘केसरी’ने झोड उठवली होती तोच भारताचा माजी व्हाइसरॉय. १९१७ मध्ये जॉन डी. रॉकफेलरची दोन पोर्ट्रेट आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन. १९२२ मध्ये पहिल्या महायुद्धातील बावीस ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांचे प्रचंड समूहचित्र. शिवाय एकाच बैठकीत होणारी कोळशाची व्यक्तिरेखाटने, शेकड्यांनी. वरच्या वर्गाची पुरेपूर.

१९/
विल्सनच्या पोर्ट्रेटचा मार्ग तर अधिकच बोलका आहे. महायुद्धात रेड क्रॉसच्या मदतीसाठी लिलाव झाला, त्यात सार्जंटने एक कोरा कॅनव्हास देऊ केला: घेणाऱ्याने कुणाचेही नाव सांगावे. सर ह्यू लेन याने १०,००० पौंडांची बोली लावली. १९१५ च्या मे महिन्यात लुसिटानिया जहाज बुडाले, त्यात लेन गेला. नाव सांगायचे राहिले. अखेर डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडने विल्सनची निवड केली. ज्याला पोर्ट्रेटचा कायमचा तिटकारा आला होता असे सांगितले जाते, त्याने युद्धनिधीसाठी स्वतःहून पोर्ट्रेटच देऊ केले.

२०/
मग १९०७ चे पत्र खोटे? नाही. त्या वर्षी सार्जंटने कामाची पद्धत खरोखर बदलली. अनेक बैठका मागणारी मोठी तैलचित्रे मोठ्या प्रमाणात नाकारली; बोस्टनमधील भित्तिचित्रे आणि प्रवासातील जलरंगचित्रे यांना अधिक वेळ दिला. म्हणजे पत्रात क्रांतीची घोषणा नव्हती, कामाची फेरमांडणी होती. आणि ती जवळच्या मित्राला मस्करीत सांगितली होती. असा वैताग या धंद्यात जुनाच. अठराव्या शतकात टॉमस गेन्सबरोने विल्यम जॅक्सन या संगीतकार मित्राला हेच लिहिले होते: पोर्ट्रेटचा कंटाळा आला, वाद्य उचलून एखाद्या खेड्यात जावे आणि निसर्गचित्रे काढावीत. तोही शेवटपर्यंत पोर्ट्रेट करीत राहिला.

२१/
त्याच १९०७ सालचे दुसरे पत्र मात्र कुणी चित्राखाली टाकत नाही, कारण ते चटकदार नाही. ब्रिटिश पंतप्रधान हेन्री कॅम्बेल-बॅनरमन याने ‘सर’ या किताबासाठी सार्जंटचे नाव सुचवण्याची तयारी दर्शवली. सार्जंटने अत्यंत सभ्य भाषेत नकार दिला: आपण राजाचे प्रजाजन नाही, अमेरिकन नागरिक आहोत, या सन्मानावर आपला अधिकार नाही. आयुष्य इंग्लंडमध्ये काढलेल्या, दरबारी मंडळींत वावरणाऱ्या माणसाने मोठेपणाची ती पायरी शांतपणे ओलांडून दिली. खुशमस्कऱ्याचे हे वर्तन असते काय? त्याच्या स्वाभिमानाचा सर्वांत भक्कम पुरावा सर्वांत नीरस पत्रात आहे.

२२/
या पत्रांची खरी मर्यादा वेगळी आहे, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. लिहिणाऱ्याचे पत्र टिकते ते घेणाऱ्याच्या घरी. ज्यांच्याकडे कपाटे होती, नोकर होते, वारस होते, पुढे संग्रहालये झाली, त्यांच्याकडची पत्रे उरली. बोस्टनच्या इसाबेला स्टुअर्ट गार्डनरने सार्जंटची पत्रे जपली. तिच्या घराचेच संग्रहालय झाले. त्यामुळे पत्रव्यवहारातला सार्जंट श्रीमंतांमध्येच वावरताना दिसतो. त्याच्या आयुष्याचा हा आरसा खरा आहे, पण तो एकाच भिंतीवर टांगलेला आहे.

२३/
त्या आरशात जो दिसत नाही त्याचे नाव टॉमस मकेलर. नॉर्थ कॅरोलायनातून आलेला हा कृष्णवर्णीय तरुण बोस्टनच्या व्हेंडोम हॉटेलात लिफ्ट चालवीत असे. १९१६ मध्ये सार्जंटची आणि त्याची गाठ पडली. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सच्या घुमटाखालील भित्तिचित्रांसाठी तो वर्षानुवर्षे मॉडेल म्हणून उभा राहिला. तेथील अपोलो आणि इतर ग्रीक देवदेवता त्याच्या देहावरून उभ्या राहिल्या. चेहरे मात्र गोऱ्यांचे झाले. सार्जंटने त्याचे एक तैलचित्रही केले. त्याची रेखाटने चित्रकाराने १९२१ मध्ये गार्डनरबाईंना दिली, आणि मकेलरवर केंद्रित प्रदर्शन त्या संग्रहालयात भरायला २०२० साल उजाडावे लागले.

२४/
येथे सार्जंटवर कठोर आरोप होऊ शकतो, आणि तो करावा. परंतु हा आरोप ‘वरच्या वर्गाचा वीट आला’ या ओळीतून सापडणार नव्हता. तो सापडला रेखाटने, नोंदी, जनगणनेचे कागद आणि कुटुंबाच्या आठवणी शेजारी ठेवल्यावर. ज्यांनी चटकदार ओळीवर समाधान मानले, त्यांना ना सार्जंटची बाजू दिसली ना त्याचा दोष. नावाची गोष्ट पुन्हा तीच: गोत्रोचे नाव विनंती करून काढले गेले, मकेलरचे नाव कुणी घातलेच नाही. एका नावाचे पुसणे पत्रात दिसते. दुसऱ्या नावाची अनुपस्थिती पत्रांच्या बाहेर जाऊनच दिसते.

२५/
मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. १८९८ मध्ये, म्हणजे वर्थहायमरची पहिली चित्रे होत होती त्याच वर्षी, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतपूर्व दशकातील पत्रे होती: हालचालींच्या बातम्या, पैशाच्या मागण्या, रोजची कारभारी भाषा. बखरींतील रसाळ कथेपेक्षा हे कोरडे कागद श्रेष्ठ का, हे राजवाड्यांनी प्रस्तावनेत ठासून सांगितले. त्या परंपरेत वाढलेल्या तरुणांनी परदेशी चित्रकाराच्या बाबतीत मात्र एका ओळीची बखर स्वीकारावी, हे शोभत नाही.

२६/
म्हणून पुढच्या वेळी कुणा चित्रकाराची, पेशव्याची किंवा पुढाऱ्याची ‘खळबळजनक’ ओळ समोर आली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी थांबावे. ते पत्र कुणाला गेले? त्याने काय साधायचे होते? त्यानंतर माणसाने काय केले? आणि ज्याच्याविषयी लिहिले, त्याचे स्वतःचे पत्र कुठे आहे? पहिल्या तीन प्रश्नांनी सार्जंटवरचे निम्मे आरोप गळून पडतात. चौथा प्रश्न उरलेला हिशेब मागतो, आणि तो आमंत्रणांच्या ढिगात चुकता होत नाही. तो लिफ्टजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे जातो.